गुरें वळणारा ठेंगणा कुत्रा आपल्या घरीं मानवेल काय ?

कुत्रा हा शेतकऱ्याचा जुना सोबती होय. खळ्याची राखण, गोठ्यांतील जनावरांची सोबत, रात्रीं वस्तीवर परका माणूस आल्याची वर्दी, इतकीं कामें तो भाकरीच्या तुकड्यावर करीत आला आहे. त्यामुळें कुत्रा पाळावा कीं न पाळावा, हा प्रश्न आपल्या घरांतून फारसा विचारलाच जात नसे. अलीकडे मात्र त्यास निराळें रूप आलें आहे. शहरांत नोकरीस असलेलीं मुलें, व त्यांच्या मागोमाग गांवाकडील सधन घरेंही, परदेशी जातींचीं पिल्लें मोठी किंमत देऊन आणूं लागलीं आहेत. त्यांतच आखूड पायांचा व कोल्ह्यासारख्या तोंडाचा कॉर्गी हा कुत्रा आहे, आणि शेटलंड बेटांतील लहानसा मेंढकुत्राही आहे. दोन्ही जाती दिसण्यांत मोहक आहेत यांत संशय नाहीं. परंतु हीं खेळणीं नव्हेत; हे कामकरी कुत्रे आहेत. त्यांचें काम कोणतें, तें त्यांच्या अंगीं कसें मुरलें आहे, व तें काम आपल्या घरांत नसल्यास काय होतें, हें समजून घेतल्यावांचून पिल्लू आणणें म्हणजे औताचा बैल दिवाणखान्यांत बांधण्यासारखेंच आहे.

कॉर्गीचें मूळ ठिकाण वेल्स. इंग्लंडच्या पश्चिमेस असलेला हा डोंगराळ व पावसाळी मुलूख. त्यांतील पेंब्रोकशायर व कार्डिगनशायर या दोन परगण्यांवरून कॉर्गीच्या दोन जातींस नांवें पडलीं, व १९३४ सालीं ब्रिटनच्या केनेल क्लबनें त्या दोन निरनिराळ्या जाती म्हणून मान्य केल्या. वेल्श भाषेंत 'कोर' म्हणजे खुजा व 'की' म्हणजे कुत्रा. शब्द जोडतांना 'की'चा 'गी' झाला. गुरें राखणाऱ्या कुत्र्याची त्या देशांत किती कदर होती हें एका गोष्टीवरून कळेल. हवेल दा या दहाव्या शतकांतील राजाच्या नांवावर चालत आलेल्या वेल्श कायद्यांत, सकाळीं गुरांच्या पुढें जाणाऱ्या व सायंकाळीं त्यांच्या मागें राहून त्यांस घरीं आणणाऱ्या कुत्र्याचें मोल उत्तम बैलाइतकें धरलें आहे. बैलाची किंमत ज्यास ठाऊक आहे त्या आमच्या वाचकांस याहून अधिक सांगावयास नको.

पेंब्रोक कॉर्गीची खांद्यापाशीं उंची १० ते १२ इंच व वजन साधारणपणें १० ते १४ किलो असतें. गाईच्या गुडघ्याखालीं राहणारा हा जीव आपल्याहून तीस-चाळीस पट वजनाच्या जनावरास हांकतो कसा, असें कोणासही वाटेल. त्याची रीत अशी कीं, तो कळपाच्या मागें राहतो, रेंगाळणाऱ्या जनावराच्या टांचेपाशीं झटकन चावा घेतो, आणि जनावर लाथ झाडतें न झाडतें तोंच जमिनीशीं सपाट होतो; लाथ डोक्यावरून निघून जाते. आखूड पाय हें त्याचें व्यंग नव्हे, तें त्याच्या कामाचें हत्यार आहे. शेटलंडचा कुत्रा याहून थोडा उंच, सुमारें १४ ते १५ इंचांचा, लांब केसांचा. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील त्या वादळी बेटांत शेतांना धड कुंपण नसे. पिकांत शिरणारीं मेंढरें हुसकून लावणें हें त्याचें मुख्य काम. चाव्यापेक्षां त्याचा भर भुंकण्यावर व धांवण्यावर असतो.

या कलेचें मूळ लांडग्याच्या शिकारींत आहे. भक्ष्यास न्याहाळणें, दबा धरणें, पाठलाग करणें, चावणें, आणि शेवटीं ठार मारणें, अशी ती सांखळी. मेंढपाळांनीं व गुराख्यांनीं पिढ्यान् पिढ्या निवड करून या सांखळींतील शेवटचा दुवा तोडला व मधले दुवे बळकट केले. म्हणून कॉर्गीच्या पिल्लास टांच धरण्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. तें वयाच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यांतच अंगणांतून धांवणाऱ्या मुलाच्या टांचेशीं झोंबूं लागतें. गाय नसली तर मूल, मूल नसलें तर केरसुणी, सायकलचें चाक, साडीचा काठ. हा दुष्टपणा नव्हे व रागही नव्हे. परंतु तीन वर्षांच्या नातवास हा भेद समजत नाहीं. त्यास दांत लागलेले समजतात.

येथेंच या प्रश्नाचें मर्म आहे असें आम्हांस वाटतें. कुत्रा घरांत कामावांचून राहिला तर तो स्वतःचें काम स्वतः शोधून काढतो, आणि तें काम आपल्यास क्वचितच आवडतें. आमच्या माहितींतील एका बागाईतदाराच्या घरीं असें पिल्लू आणलें गेलें. पहिले दोन महिने घरभर कौतुक झालें; मग शाळा सुरू झाल्या, द्राक्षांच्या छाटणीचे दिवस आले, आणि पिल्लू गोठ्याच्या खांबास बांधलें गेलें. सुटलें कीं तें वासरांच्या मागें लागे. वेल्समधील काळीं गुरें अशा कुत्र्यास पिढ्यान् पिढ्या ओळखत होतीं. आपल्या म्हशीस हा प्रकार नवा. एका म्हशीनें लाथ न मारतां शिंगानें उचललें. पिल्लू वांचलें, पण म्हैस चार दिवस पान्हा चोरीत राहिली, व घरांत दोन्ही जनावरांबद्दल कटकट सुरू झाली. अखेर कुत्रा दुसऱ्या गांवीं देऊन टाकावा लागला. दोष कुत्र्याचा नव्हता, व म्हशीचा तर नव्हताच.

तेव्हां पहिला विचार करावयाचा तो असा कीं, घरांतील कोणत्या एका माणसाचा दिवसांतील तास-सवातास या कुत्र्यासाठीं मोकळा आहे? मोठ्या कॉर्गीस रोज सुमारें एक तास चालणें-धांवणें लागतें, व त्याखेरीज दहा-पंधरा मिनिटें त्याच्या बुद्धीस काम लागतें: बोलावल्यावर येणें, बसणें, थांबणें, वस्तु शोधून आणणें. हें काम वांटून घेऊं असें सर्वजण म्हणतात. आमचा अनुभव असा कीं वांटलेलें काम कोणाचेंच नसतें. बहुधा हट्ट असतो पांचवीतल्या मुलाचा. कुत्रा १२ ते १३ वर्षें जगतो. पांचवीतला मुलगा सात-आठ वर्षांत शिक्षणासाठीं गांव सोडतो, आणि उतारवयांतला कुत्रा ज्यांच्या हातीं राहतो त्यांस प्रारंभीं कोणी विचारलेलें नसतें. म्हणून पिल्लू पाहावयास जाण्यापूर्वीं घरांतील ज्या बाईच्या अंगावर स्वैंपाक, गोठा व म्हाताऱ्यांचें औषधपाणी आधींच आहे, तिचें मत प्रथम घ्यावें. ती नको म्हणाली तर चर्चा तेथेंच थांबवावी. घरांत पांच वर्षांच्या आंतील मूल असेल तर तें शाळेंत जाऊं लागेपर्यंत थांबणें शहाणपणाचें. काठी घेऊन चालणाऱ्या आजोबांच्या पायांत घोटाळणारा बारा किलोंचा कुत्रा हीही क्षुल्लक गोष्ट नव्हे. उतारवयांत एक पडणें वर्षभराचें दुखणें होऊन बसतें.

चावरेपणाची खोड लहानपणींच वळवितां येते. दांत लागतांच खेळ बंद करून पाठ फिरवावी, व टांचेऐवजीं तोंडांत धरावयास दोरीचें खेळणें द्यावें. मारल्यानें हा कुत्रा भितो, पण धरणें सोडीत नाहीं. पिल्लाचा दांत घरच्या माणसास लागून रक्त निघालें तर 'आपलेंच पिल्लू आहे' म्हणून हळद लावून स्वस्थ बसूं नये. जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी व त्याच दिवशीं डॉक्टरकडे जावें. पिसाळ रोगावर लक्षणें दिसूं लागल्यानंतर उपाय नाहीं. त्यापूर्वीं लस हा खात्रीचा उपाय आहे. पिल्लास तिसऱ्या महिन्यांत या रोगाची लस द्यावी व पुढें पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणें ती चालू ठेवावी.

दुसरा विचार हवेचा. कॉर्गीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात: आंत दाट लोंकर व वर राठ केस. वेल्सच्या पावसांत व गारठ्यांत हा पोशाख उत्तम. जळगांव, परभणी किंवा चंद्रपूर येथील वैशाखांत तो कांबळें पांघरून उन्हांत उभें राहण्यासारखा आहे. कुत्र्यास माणसासारखा घाम येत नाहीं. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो, व तोंडांतील ओल वाफ होऊन गेली कीं त्याचें अंग निवतें. यावरून एक गोष्ट लक्षांत येईल जी पुष्कळांस सुचत नाहीं: कोंकणपट्टींत पारा विदर्भाइतका चढत नसला तरी हवा दमट असल्यामुळें वाफ होण्यासच अडचण पडते, आणि तेथेंही कुत्रा हैराण होतो. उन्हाळ्यांत फिरणें सूर्योदयापूर्वीं व अंधार पडल्यावर. मधल्या वेळीं गार फरशी, वारा व पाणी. रस्त्यावर हाताचा मागचा भाग सात-आठ सेकंद टेंकवत नसेल तर त्या रस्त्यावर कुत्र्यास चालवूं नये. उन्हाळ्यासाठीं अंगावरचे केस मुळापासून भादरण्याचा सल्ला कोणी देईल, तो ऐकूं नये; वरचा थर ऊनही अडवितो. कुत्रा लडखडूं लागला, तोंडास फेंस आला, हिरड्या लालभडक झाल्या तर अंगावर भरपूर पाणी ओतून पंख्याखालीं घ्यावें व लगेच दवाखाना गांठावा. आधीं दवाखाना व मग पाणी, असा क्रम लावूं नये. ज्या घरीं दुपारीं पंखाही खात्रीनें चालत नाहीं, त्या घरीं हा कुत्रा आणूं नये असें आम्हीं स्पष्ट सांगतों. पावसाळ्यांत निराळें संकट. पोट जमिनीपासून वीतभरही उंच नसल्यामुळें चिखल व गोचीड दोन्ही त्यास चटकन लागतात. गोठा असलेल्या घरीं गोचिडांस तोटा नाहीं, व गोचीडताप कुत्र्याचा जीव घेऊं शकतो.

गोचिडांवरून एक अत्यंत महत्त्वाची सूचना. शेळ्यामेंढ्यांस जंतांसाठीं व गोचिडांसाठीं देण्याचें आयव्हरमेक्टिन हें औषध पुष्कळांच्या घरीं असतें, आणि उरलेलें औषध कुत्र्यास टोंचण्याची चाल आहे. मेंढकुत्र्यांच्या कांहीं जातींत, विशेषतः कोली व शेटलंड यांत, कित्येक कुत्र्यांच्या अंगीं एक आनुवंशिक दोष असतो. त्यामुळें हें औषध मेंदूंत शिरण्यापासून अडविणारी नैसर्गिक व्यवस्थाच काम करीत नाहीं. हा दोष अमेरिकेंतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनीं २००१ सालीं दाखवून दिला. अशा कुत्र्यास शेळीच्या मापानें टोंचलेली सुई प्राणघातक ठरूं शकते. शेटलंड जातीचा किंवा त्या रक्ताचा कुत्रा घरीं असेल तर पशुवैद्यास विचारल्यावांचून गोठ्यांतील कोणतेंही औषध त्यास देऊं नये, व औषध दिलेल्या जनावराचें ताजें शेणही खाऊं देऊं नये.

खाण्याच्या बाबतींत कॉर्गी अतिशय लोभी आहे. एकत्र कुटुंबांत प्रत्येकजण पोळीचा एकेक तुकडा टाकतो, आणि वर्षभरांत कुत्र्याचा पाटा होतो. लांब पाठ व आखूड पाय असलेल्या जनावराच्या मणक्यांवर हा भार फार वाईट पडतो. बरगड्या डोळ्यांस दिसूं नयेत पण बोटांस सहज लागाव्यात, हें माप. घरच्या ताटांतील कांदा व लसूण कुत्र्याच्या रक्तास बाधक आहेत. नाशिककडील व तासगांवकडील आमच्या वाचकांनीं आणखी एक ध्यानांत ठेवावें कीं, द्राक्षें, मनुका व बेदाणे यांनीं कुत्र्याचीं मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात. किती खाल्ल्यानें होतील याचें खात्रीचें प्रमाण नाहीं. बेदाण्याच्या शेडवर व द्राक्षांच्या पॅकिंगच्या जागीं कुत्रा मोकळा सोडूं नये. उंदरांचें विष व फवारणीचीं औषधें यांविषयीं निराळें सांगावयास नको.

पाठीच्या दुखण्यामुळें कॉर्गीस जिने चढणें-उतरणें व उंचावरून उडी मारणें वर्ज्य समजावें. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावरील बिऱ्हाडानें याचा विचार करावा. बारा किलोंचा कुत्रा रोज चार वेळां कोण उचलणार? याशिवाय या जातींत पाठीच्या कण्यांतील मज्जा हळूहळू क्षीण होण्याचा एक आनुवंशिक रोग आहे. तो उतारवयांत येतो. प्रथम मागचे पाय घासत जातात, मग लुळे पडतात. वेदना होत नाहीं, पण उपायही नाहीं. या रोगाशीं संबंध असलेलें जनुक २००९ सालीं सांपडलें, व आतां त्याची तपासणी करतां येते. पिल्लाच्या आईबापांची ही तपासणी झाली आहे काय, हा प्रश्न विकणाऱ्यास विचारावा. तो प्रश्न ऐकून जो हंसेल किंवा चिडेल त्याच्याकडून पिल्लू घेऊं नये.

विकणाऱ्याविषयीं आणखी थोडें. २०१७ सालच्या केंद्रीय नियमांप्रमाणें आठ आठवड्यांच्या आंतील पिल्लू विकतां येत नाहीं, व कुत्र्यांची पैदास करणाऱ्यानें राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते. पिल्लाची आई डोळ्यांनीं पाहावी. ती दाखवीत नसतील तर परत फिरावें. आई भित्री किंवा अंगावर येणारी असेल तरी परत फिरावें, कारण स्वभाव रक्तांतून उतरतो हें बैल निवडणाऱ्यास आम्हीं सांगावें असें नाहीं. पेंब्रोकचें शेपूट कापण्याची जुनी रीत वेल्समध्यें २००७ पासून कायद्यानें बंद आहे. शेपूट असलेला कॉर्गी म्हणजे हलका माल, असा समज करून घेऊं नये. कार्डिगन जातीस तर लांब शेपूट असतेंच.

फॅशनवर मात्र भिस्त ठेवूं नये. इंग्लंडच्या राजघराण्यांत कॉर्गी १९३३ सालीं आला, आणि राजकन्या एलिझाबेथ हीस १९४४ सालीं अठराव्या वाढदिवसास मिळालेल्या कुत्रीचा वंश तिनें राणी झाल्यावरही पिढ्यान् पिढ्या सांभाळला. इतका राजाश्रय असूनही २०१४ सालीं ब्रिटनमध्यें पेंब्रोकच्या नोंदलेल्या पिल्लांची संख्या तीनशेंच्या खालीं गेली होती. पुढें लोकांची आवड फिरली व २०१८ सालीं ही जात दुर्मिळ जातींच्या यादींतून बाहेर आली. लोकांची आवड चार वर्षांत दोनदां फिरते, आणि आणलेला कुत्रा मध्यंतरीं घरांतच असतो.

कित्येकांस खरी गरज असते ती राखणीची, व ते आणतात मात्र गुरें वळणारा कुत्रा. हीं दोन कामें अगदीं भिन्न आहेत. आपल्याकडील धनगर दिवाळीच्या सुमारास देशावरून कोंकणाकडे मेंढरें घेऊन उतरतात. त्यांचा कुत्रा मेंढरें वळीत बसत नाहीं. तें काम धनगर स्वतः हाकाटीनें व काठीनें करतो. कुत्रा लांडग्यापासून वाड्याची राखण करतो. तो कळपांत वाढलेला, आपल्या उन्हास सरावलेला, थोडक्यांत भागविणारा असतो. शेतावरील वस्तीस, कोंबड्यांच्या खुराड्यास व ऊंसाच्या बांधास असाच कुत्रा हवा, आणि तो गांवांतच मिळतो. गांवठी पिल्लास लस टोंचून, दोन वेळां पोटभर घालून नीट वाढविलें तर तें कोणत्याही विकतच्या पिल्लास मागें सारील, असें आमचें मत आहे. कॉर्गीही भुंकून वर्दी देतो, पण लांडगा किंवा बिबट्या यांच्यापुढें तो स्वतःच भक्ष्य आहे. बिबट्यांचा वावर असलेल्या जुन्नर-आंबेगांव भागांत असा लहान कुत्रा रात्रीं बाहेर ठेवणें म्हणजे बिबट्यास दारीं बोलावणें होय. शेटलंडचा कुत्रा तर भुंकण्यांत कोणास हार जाणार नाहीं. चाळींत किंवा भिंतीस भिंत लागून असलेल्या बिऱ्हाडांत शेजाऱ्यांशीं असलेलें सौख्य किती टिकाऊ आहे, याचा अंदाज आधीं घ्यावा.

इतकें वाचूनही ज्यांचें मन या कुत्र्यावर राहील, अशीं घरें थोडीं असलीं तरी आहेत. शाळेंत जाणारीं समजूतदार मुलें, पहांटे उठून फिरावयास जाणारें एक वडील माणूस, तळमजल्याचें किंवा लिफ्ट असलेलें घर, घाटमाथ्याकडील सौम्य हवा, आणि दवाखान्याच्या खर्चास वर्षाकाठीं कांहीं रक्कम बाजूस काढण्याची ऐपत, इतकें जमत असेल तर या कुत्र्यासारखा हुशार, निर्भय व बोललेलें समजणारा सोबती मिळणें कठीण. त्यांनीं प्रथम एक महिना कुत्र्यावांचूनच प्रयोग करून पाहावा. ज्यानें कुत्रा फिरविण्याचें पत्करलें आहे त्यानें रोज पहांटे साडेपांच वाजतां व रात्रीं आठ वाजतां अर्धा-अर्धा तास बाहेर पडून चालून यावें. पाऊस असो, पाहुणे असोत, किंवा पाण्याची पाळी असो. भिंतीवरील कालदर्शिकेवर चुकलेल्या दिवसाची खूण करावी. महिन्याअखेर खुणा चार-पांचांहून अधिक झाल्या तर पिल्लाचा बेत पुढच्या वर्षावर ढकलावा. कमी झाल्या तर आश्विन-कार्तिकांत पिल्लू आणावें, म्हणजे थंडीचे चार महिने त्याच्या वाढीस व शिकवणीस मिळतात व पहिला उन्हाळा येईपर्यंत तें सहा महिन्यांच्या पुढें गेलेलें असतें. सुटीचा महिना म्हणून चैत्र-वैशाखांत पिल्लू आणण्याची जी रीत पडली आहे ती सोडावी.